ठेव चालते, मग ठेवीवरचे कार्ड का नाही? : नाशिकच्या बँकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, नाशिक
आणि जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातपूर आणि अंबडमधल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहिते. जीएसटीची विवरणपत्रे, बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट, मार्चअखेरचा ताळेबंद हे माझे रोजचे काम. त्यामुळे एखादा धंदा बुडायला लागला की घरच्यांच्या आधी मला कळते. बुडाल्यानंतरची पाच-सात वर्षेही मी जवळून बघते. तुमच्या फायलीत ती वर्षे नसतात, कारण तुमची फाइल सेटलमेंटच्या पत्रावर बंद झालेली असते. हे पत्र त्या वर्षांबद्दल आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. ज्याचे कर्ज बुडाले, ज्याने तडजोड करून ते मिटवले, असा माणूस स्वतःच्या पैशाची मुदत ठेव करून तिच्यावर क्रेडिट कार्ड मागायला आला, तर 'सिबिल खराब आहे' (म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल कंपनीच्या अहवालात पत पडलेली आहे) एवढे म्हणून त्याला काउंटरवरून परत पाठवू नका. तो तुमच्याकडे कर्ज मागत नाही. नियमाने पैसे भरून दाखवायची संधी मागतो आहे, आणि तारण म्हणून स्वतःचाच पैसा आधी तुमच्या हातात देतो आहे.

अंबडच्या एका गृहस्थांचे सांगते. टर्निंगचे जॉबवर्क करायचे, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांना धातूचे भाग कातून द्यायचे. दोन सीएनसी मशिन, सहा कामगार, आणि सगळे काम एकाच पार्टीचे. त्या पार्टीने आधी पेमेंट नव्वद दिवसांवरून दीडशे दिवसांवर नेले, मग काम दुसरीकडे वळवले. मशिनचा हप्ता भरायला पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, त्या कार्डाचे बिल भरायला दुसरे कार्ड. पुढचा उतार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मशिन ओढून नेली, उरलेल्या रकमेची तडजोड झाली, सिडकोतला फ्लॅट विकून त्यांनी ती भरली. नो ड्यूजचा, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा, कागद त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला आहे. आज ते दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत, पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येतो. मुलगी डिप्लोमाला आहे. पुढे तिच्या शैक्षणिक कर्जावर वडील म्हणून सही यांचीच लागणार, म्हणून आतापासून पत सुधारायची त्यांची धडपड चालू आहे. पगारातून साठवलेले तीस हजार घेऊन ते एका शाखेत गेले आणि ठेवीवर कार्ड मागितले. उत्तर मिळाले, "तुमचं सिबिल खराब आहे, कार्ड नाही होणार. एफडी मात्र करा, रेट चांगला चालू आहे."

हे उत्तर मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, थोड्याफार फरकाने.

आता जरा कायद्याकडे बघू, कारण 'दिवाळे काढून मोकळे व्हा' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. व्यक्तीने दिवाळे जाहीर करायची सोय आपल्याकडे कागदावर जुनी आहे. मुंबईसाठी १९०९ चा कायदा आणि नाशिकसारख्या जिल्ह्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. पाचशे रुपयांचे देणे असले तरी अर्ज करता येतो असे त्यात लिहिले आहे, यावरून तो कोणत्या काळातला आहे ते समजावे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा प्रोप्रायटर, भागीदारीतला दुकानदार, पगारदार यांना त्या संहितेचे दार अजून उघडलेले नाही. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर सेव्हनखाली दिवाळे काढलेल्या माणसाला न्यायालय काही महिन्यांत बहुतेक कर्जांतून मोकळे करते. ती नोंद त्याच्या पत-अहवालात दहा वर्षांपर्यंत राहते. पण अनामत भरून कार्ड घ्यायचे, ते नीट वापरायचे आणि पत पुन्हा उभी करायची, ही तिथली नेहमीची वाट आहे आणि ती धरणाऱ्याला कोणी हटकत नाही.

आमच्या माणसाच्या हातात न्यायालयाचा असा कोणताही आदेश नसतो. त्याचे कर्ज बँकेच्या टेबलावर मिटते आणि सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवले) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत धरले) असा शब्द उमटतो. सिबिलसारख्या आणखी तीन कंपन्या आहेत, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडे ही माहिती जाते आणि किमान सात वर्षे जपली जाते. म्हणजे देणे मिटले तरी सात वर्षे माणूस प्रत्येक दारात आधी थकबाकीदार ठरतो, मग बाकी काय असेल ते.

या सात वर्षांत तो काय करतो? भिशी लावतो आणि तिचा हप्ता एकदाही चुकवत नाही. किराणा दुकानातली उधारी वेळेवर फेडतो. घरभाडे, वीजबिल, मुलांची फी, सगळे तारखेला. यातले काहीही त्याचा स्कोअर, म्हणजे पत मोजणारा अहवालातला आकडा, वाढवत नाही, कारण ही कर्जे नव्हेत आणि यांची नोंद पत-अहवालात जात नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा हलवायचा तर कोणत्यातरी बँकेने किंवा वित्तसंस्थेने दिलेली, वेळेवर फेडलेली उधारीच लागते. ती मिळायला स्कोअर लागतो, आणि स्कोअर वाढायला ती लागते. ठेवीवरचे कार्ड हा त्या चक्रात शिरायचा सर्वांत स्वस्त आणि बँकेला सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे, म्हणून त्याबद्दल इतके लिहिते आहे.

वाचणाऱ्या सामान्य माणसासाठी हिशेब मांडते. पंचवीस हजारांची ठेव केली आणि बँकेने तिच्या ८० टक्के मर्यादा दिली, तर कार्डावर वीस हजार वापरता येतात. काही बँका याहून जास्त देतात, काही कमी. ठेवीवरचे व्याज चालूच राहते. कार्ड चालू आहे तोवर ठेव मोडता येत नाही, एवढेच बंधन. त्या वीस हजारांतले पाच-सहा हजारच वापरायचे, म्हणजे मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत. पेट्रोल, गॅस, मोबाइलचे बिल, जे तसेही भरायचे होतेच. बिल आले की देय तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरायची. पूर्ण भरली तर एक रुपया व्याज लागत नाही. अहवालात त्या महिन्यासमोर 'वेळेवर' अशी नोंद पडते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवायची आहे, त्यामुळे चांगले वागणेही आता पूर्वीपेक्षा लवकर नोंदले जाते.

आणि याच कार्डाने पुन्हा बुडायचे असेल तर तेही सोपे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक आकडा छापलेला असतो. वीस हजार थकले, किमान रक्कम पाच टक्क्यांनी हजार आली, आणि माणसाने दर महिन्याला तेवढीच भरली असे समजा. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे सातशे रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६. भरलेल्या हजारातले ८२६ असेच गेले, मुद्दल फिटली १७४. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क वेगळे. बिल थकत गेले तर बँक ठेव मोडून पैसे वसूल करेल, आणि उशिराच्या नोंदी अहवालात राहतीलच. पैसेही गेले आणि पतही. म्हणून कार्ड द्या, पण देताना हे दहा मिनिटे बसून मराठीत समजावून सांगा. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत आणि शक्यतो स्थानिक भाषेतही असाव्यात असे रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांबाबतच्या निर्देशांतच आहे. आणखी एक करा. खात्यातून बिल आपोआप वळते करायचा फॉर्म भरून घेताना 'किमान रक्कम' या चौकटीवर नव्हे, 'पूर्ण रक्कम' या चौकटीवर खूण करून घ्या. एवढ्या एका खुणेने निम्मी माणसे वाचतील असे माझे प्रामाणिक मत आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असे नाही. 'सिस्टीमच रिजेक्ट करते, आमच्या हातात काही नाही' असे शाखेत सांगतात. पण काही बँकांचे ठेवीवरचे कार्ड मुळात स्कोअर नसलेल्या किंवा पडलेल्या ग्राहकांसाठीच आहे, त्यांची जाहिरात तसे सांगते आणि शाखेतल्या माणसाला ते ठाऊक नसते. कारण त्याच्यावर विम्याचे टार्गेट असते, या कार्डाचे नसते. दुसरे कारण सांगतात ते पूर्वीच्या तडजोडीचे. तिथेही नियम आहे. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीची चौकट घालून दिली. ज्या बँकेत तडजोड झाली तिने, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांच्या बाबतीत, त्या कर्जदाराला नवे कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबायचे आहे. याहून जास्त थांबायचे तर तो काळ बँकेच्या संचालक मंडळाने धोरणात ठरवायचा आहे. किमान बारा महिने म्हणजे जन्मभर नव्हे. आणि कर्जासाठी किमान इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने कुठेही घालून दिलेला नाही. तो आकडा प्रत्येक बँकेचा स्वतःचा आहे. स्वतःचा आहे म्हणजे बदलताही येतो.

क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमके कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबाबतच्या त्याच निर्देशांनुसार बंधनकारक आहे. मी पाहिलेल्या लोकांना मिळाले ते तोंडी उत्तर, कारण मुळात त्यांचा अर्जच घेतला गेला नव्हता. अर्ज नाही तर नकार नाही, नकार नाही तर कारणही नाही. तुम्ही अर्ज घ्या. नाकारायचा असेल तर लिहून नाकारा. त्या कागदावरून माणसाला निदान कळेल की अडचण जुन्या 'सेटल्ड' शब्दाची आहे, चुकीच्या नोंदीची आहे, की आणखी कशाची.

चुकीच्या नोंदी कमी नाहीत. भरलेले कर्ज 'थकीत' दिसते, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसते. प्रत्येकाला दरवर्षी प्रत्येक कंपनीकडून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक सापडली तर तक्रार तीस दिवसांत निकाली निघायला हवी, नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे कोणी सांगत नाही, म्हणून 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशा पाट्या लावणाऱ्यांचे फावते. हे लोक दहा-पंधरा हजार घेतात. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. 'सेटल्ड' चे 'क्लोज्ड' (पूर्ण फिटले) करायचे असेल तर तडजोडीत सोडलेली रक्कम बँकेला भरून, तसे पत्र घेऊन, बँकेकडूनच नोंद बदलून घ्यावी लागते. हे एक वाक्य शाखेतल्या फलकावर लावले तरी कितीतरी घरांचे पैसे वाचतील.

बायकांबद्दल वेगळे लिहायलाच हवे. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जावर बायकोची सही सहकर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून घेतली जाते. बहुतेकींना ती कशावर केली हे नीट सांगितलेलेही नसते. कर्ज बुडते तेव्हा नवऱ्याच्या बरोबरीने तिचाही अहवाल खराब होतो. मग धंदा गेल्यावर घर चालवायला ती शिलाई, डबे, क्लास असे काहीतरी सुरू करते, आणि शिलाई मशिनसाठी बँकेत गेली की तिला पहिल्यांदा कळते की आपण थकबाकीदार आहोत. पंचवटीतल्या एका बाईंचे असेच झाले. नवऱ्याचा केटरिंगचा धंदा लॉकडाऊनमध्ये बसला, कर्जाची तडजोड झाली. पुढे त्यांनी डब्यांचे काम सुरू केले. त्यांना मात्र समजूतदार अधिकारी भेटले. वीस हजारांच्या ठेवीवर कार्ड मिळाले, वापर कसा करायचा ते बाईंना वहीत लिहून दिले. गॅस सिलेंडर आणि किराण्याशिवाय त्या कार्डावर त्यांनी काही घेतले नाही. दीड-दोन वर्षांत स्कोअर इतका सुधारला की डबे पोचवायला लागणारी स्कूटर त्यांना रीतसर कर्जावर मिळाली. जुनी नोंद अहवालात अजून आहे. पण तिच्या खाली महिन्यामागून महिना वेळेवर भरल्याच्या नोंदींची रांग आहे, आणि कर्ज मंजूर करणाऱ्याने ती रांगही पाहिली. त्या अधिकाऱ्यांनी कोणताही नियम वाकवला नव्हता. त्यांना आपल्याच बँकेची योजना माहीत होती, एवढेच.

पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांनी गारपीट आणि भाव दोन्ही सोसले आहेत, त्यांच्यासाठी ते योग्यच. पण वर्कशॉपवाला, भद्रकालीतला छोटा व्यापारी, टेम्पो चालवणारा यांच्या बाजूने असे कोणी बोलत नाही. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. लॉज, वाहने, खानावळी, पूजासाहित्य, प्रत्येकाला भांडवल लागणार. ज्यांची पत गेली आहे ते पाच टक्के महिन्याने सावकाराकडून उचलणार, नाही तर फोनवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळणार. पत सावरायला वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणून आज दिलेल्या कार्डाला किंमत आहे, ऐन पर्वणीच्या तोंडावर दिलेल्याला नाही.

एक गोष्ट मात्र कर्जदाराला आधीच स्पष्ट सांगा. जुनी बाकी तुमच्याच बँकेची असेल आणि ती पूर्ण मिटलेली नसेल, तर नवी ठेव त्या बाकीत वळती होऊ शकते. न सांगता असे झाले की तो माणूस पुन्हा कोणत्याच बँकेची पायरी चढत नाही, आणि चारचौघांना सांगतो ते वेगळेच.

अग्रणी बँक व्यवस्थापक साहेब, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीचे संयोजन आपण करता. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही माझी विनंती आहे. जिल्ह्यात कोणती बँक ठेवीवर कार्ड देते, किमान ठेव किती, मर्यादा किती टक्के, वार्षिक शुल्क किती, स्कोअर बघते की नाही, याची एक पानाची मराठी यादी करून प्रत्येक शाखेत लावता येईल. वर्ष-दीड वर्ष नियमित भरणाऱ्याचा आढावा घेऊन ठेव मोकळी करायची आणि साधे कार्ड द्यायचे, हे कार्ड देतानाच लेखी सांगावे. नाही तर माणूस पाच-पाच वर्षे स्वतःच्याच पैशावर उधारी करत राहतो आणि त्याला विचारायचेही सुचत नाही. आर्थिक साक्षरता केंद्रांची शिबिरे गावोगावी होतात. त्यांत बचत खाते, विमा, पेन्शन यांच्याबरोबर कर्ज बुडाल्यानंतर काय करायचे हेही सांगितले जावे. ज्यांना ते सर्वांत जास्त हवे असते तेच शिबिराला येत नाहीत, कारण बँकेचा माणूस दिसला की त्यांना वसुलीवाले आठवतात. त्यांना आणायचे काम आमच्याकडे द्या. सातपूर किंवा अंबडमध्ये, कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शिबिर ठेवा. जागेची सोय आम्ही हिशेब लिहिणारी मंडळी करू, आणि ज्यांच्या नो ड्यूजच्या फायली आमच्या कपाटात आहेत त्यांना स्वतः फोन करून बोलावू. तुमच्याकडून फक्त एक असा अधिकारी हवा, ज्याला कार्डाचा अर्ज तिथेच घ्यायचा अधिकार असेल.

आपली विश्वासू,
सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांची एक हिशेबनीस
नाशिक